कारभारी, कोठी आणि किल्ल्या

जुन्या मोठ्या घराण्यांत एक कारभारी असे. घरची माणसे आपापल्या उद्योगात. पण कोठीत धान्य किती उरले, विहिरीवर आज पाणी भरण्याची पाळी कुणाची, दिवाणखान्यात बसलेल्या पाहुण्याला आतल्या चौकात कुठवर येऊ द्यायचे, हे सारे तो पाही. घराण्याच्या इतिहासात त्याचे नाव क्वचितच येई. पण तोच दोन दिवस अंथरुणाला खिळला, की घराची घडी विसकटलीच म्हणून समजावे!

असा एक कारभारी आज आपणा प्रत्येकाच्या खिशात बसला आहे. मोबाइलमध्ये तो आहे, कचेरीतल्या संगणकात आहे, बँकेच्या एटीएममध्ये आहे, रेल्वेच्या तिकीटखिडकीमागे आहे. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. यंत्रात एकाच वेळी दहा कार्यक्रम चाललेले असतात. गणन करणाऱ्या मेंदूचा वेळ कुणाला किती द्यायचा, स्मृतीतली जागा कुणाला किती, फाइल कुठे ठेवायची, कळफलकावर दाबलेले अक्षर कुणाच्या हाती सोपवायचे, हे तो ठरवतो. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड, आयओएस ही या कारभाऱ्यांचीच निरनिराळी घराणी होत.

हा कारभारी घडवावा कसा, याबद्दल जगातल्या जाणत्या मंडळींत गेली पन्नास-साठ वर्षे वाद चालू आहे. त्यातला एक पक्ष म्हणतो, सारा कारभार 'ऑब्जेक्ट' या एका कल्पनेवर उभारावा. वाद वरवर पाहता रुक्ष वाटेल. परंतु आपले बँकेतले पैसे, मुलांची छायाचित्रे आणि मोबाइलवर येणारे 'ओटीपी' कितपत सुरक्षित राहतात, हे काही अंशी त्याच्या निकालावर अवलंबून आहे. तेव्हा फराळाच्या ताटाबरोबर हाही विषय वाढला तर वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे.

एका शब्दाचे त्रांगडे

मी सिन्नरला मराठी शिकवतो. संगणकाच्या या प्रांतात माझे पाऊल पडले ते एका शब्दामुळे. अभियांत्रिकीत शिकणारा माझा एक जुना विद्यार्थी मराठीतून भाषण देणार होता. तो विचारत आला, "सर, 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड'ला मराठीत काय म्हणायचं?"

"तू काय लिहिलंस?"

"वस्तुनिष्ठ."

"अरे, वस्तुनिष्ठ म्हणजे पक्षपात न करणारा. वस्तुनिष्ठ न्यायाधीश, वस्तुनिष्ठ टीका. शिवाय परीक्षेत चार पर्याय देतात ते वस्तुनिष्ठ प्रश्न. तुझे श्रोते काय समजतील?"

"मग काय म्हणू?"

"या तुमच्या वस्तू करतात तरी काय, ते आधी मला समजावून सांग."

त्याने समजावले, मग मी थोडे वाचले, आणि ध्यानात आले ते असे की, हा सारा मामला मुळात व्याकरणाचा आहे. नाम थोर की क्रियापद थोर, एवढाच प्रश्न!

संगणकाला सूचना लिहिण्याची जुनी रीत क्रियापदांची होती. पाककृतीच्या पुस्तकासारखी. हे घ्या, ते चाळा, यात मिसळा, मंद आचेवर ठेवा. साहित्य ओट्यावर उघडे मांडलेले. ज्याला जे हवे ते त्याने उचलावे. एकच माणूस स्वयंपाक करीत असेल तर यात काही वावगे नाही. पण लग्नघरच्या मुदपाकखान्यात पन्नास माणसे शिरली, की कुणी वरणात दोनदा मीठ घालतो, कुणी खिरीचे दूध चहाला नेतो, आणि हे केले कुणी याचा शोध लागत नाही. संगणकाचे कार्यक्रम लाखो ओळींचे होऊ लागले तेव्हा नेमके हेच घडू लागले.

नवी रीत नामांची. येथे साहित्य उघड्यावर नसते. प्रत्येक वस्तू आपला माल आपल्या कोठीत ठेवते, कोठीला एक खिडकी ठेवते आणि खिडकीवर पाटी लावते: 'येथे एवढीच कामे होतील.' बाहेरच्याने खिडकीशी येऊन मागणी करावी. आत हात घालू नये. माहिती आणि त्या माहितीवर करावयाची कामे एकाच ठिकाणी बांधून ठेवली, की झाला ऑब्जेक्ट.

सिन्नरकरांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. आमचे गाव विड्यांसाठी प्रसिद्ध. विडी वळणाऱ्या बाया तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा घरी नेतात, आणि वळलेल्या विड्यांची जुडी करून परत आणून देतात. त्या बाईने पाने रात्री भिजवली की पहाटे, सुनेची मदत घेतली की शेजारणीची, हे घेणारा विचारीत नाही. त्याने विचारायचे कारणही नाही. काय आत जाते आणि काय बाहेर येते, एवढे ठरलेले असते. उद्या तिने आपली पद्धत बदलली, तरी दुसऱ्या कुणाच्या कामात फरक पडत नाही. ही सोय लहान नव्हे. लाखो ओळींचा कार्यक्रम शेकडो माणसांना वाटून देता येतो, तो याच सोयीमुळे.

कल्पनेचे आणखी दोन पदर आहेत. पहिला साच्याचा. करंजीचा साचा एकच असतो, करंज्या पन्नास निघतात. प्रत्येकीचे सारण तिचे तिच्यापाशी. साच्याला 'क्लास' म्हणतात आणि करंजी झाली ऑब्जेक्ट. शिवाय एका साच्यावरून थोड्या फरकाने दुसरा करता येतो. शंकरपाळ्यांची कृती एकदा लिहिली, की खाऱ्या शंकरपाळ्यांसाठी ती सगळी पुन्हा लिहावी लागत नाही. 'साखरेऐवजी मीठ-जिरे, बाकी वरीलप्रमाणे' म्हटले की भागते. याला वारसा म्हणतात.

दुसरा पदर मला फार आवडला, कारण तो शुद्ध मराठी आहे. 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने पोळी खाल्ली', 'रामाने पेढे खाल्ले'. शाळेत आपण हा कर्मणि प्रयोग शिकलो. येथे क्रियापद कर्त्याचे ऐकत नाही. कर्माचे लिंग-वचन पाहून वळते. ऑब्जेक्टच्या दुनियेत असेच चालते. आज्ञा एकच असते, 'उघड'. पण उघडायचे कसे, हे ज्याला उघडायचे ते ठरवते. चित्र उघडले तर पडद्यावर रंग उमटतात, गाणे उघडले तर सूर निघतात. आज्ञा करणाऱ्याला फरक ठाऊक असण्याची गरज नाही. इंग्रजी व्याकरणात कर्माला 'ऑब्जेक्ट'च म्हणतात, हा योगायोग खरा. पण किती समर्पक! त्या विद्यार्थ्याला मी अखेर 'वस्तुप्रधान' हा शब्द सुचवला. खासगीत मात्र मी या पद्धतीला संगणकाचा कर्मणि प्रयोग म्हणतो.

नॉर्वेहून निघालेली वाट

या कल्पनेचा जन्म कारभाऱ्याच्या घरी झाला नाही. ऑस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड हे दोघे 'सिम्युला' नावाची भाषा घडवीत होते. खऱ्या जगातल्या घडामोडींची संगणकात प्रतिकृती करून पाहावी, हा त्यांचा हेतू. आता रांगेत उभे असलेले गिऱ्हाईक, कारखान्यातले यंत्र, बंदरातले जहाज या सगळ्यांची नक्कल करायची, तर प्रत्येकाला आपापली स्थिती आणि आपापले वागणे हवे. त्यातून १९६७ च्या 'सिम्युला'त क्लास आणि ऑब्जेक्ट अवतरले. पुढे कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेत ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात 'स्मॉलटॉक' रचली, आणि त्यात सारेच काही ऑब्जेक्ट करून टाकले. 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हे नावही के यांचेच. डेन्मार्कच्या ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७९ पासून हीच कल्पना 'सी' या चपळ भाषेला जोडली. तिची 'सी प्लस प्लस' झाली. डाल आणि नीगार्ड यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार २००१ सालचा मिळाला. दुर्दैवाने २००२ च्या उन्हाळ्यात दोघेही थोड्या आठवड्यांच्या अंतराने वारले.

आता कारभाऱ्याकडे वळू. बेल प्रयोगशाळेतच १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स'ची मुहूर्तमेढ रोवली. त्यांनी एक मोठी युक्ती केली. फाइल असो, छपाईयंत्र असो की कळफलक असो, शक्य तेथवर सगळ्यांना फाइलच मानायचे आणि उघड, वाच, लिही, मिट अशा मोजक्या आज्ञांत कारभार चालवायचा. ऑब्जेक्ट हा शब्दही न उच्चारता त्यांनी कर्मणि प्रयोग साधला, असेच म्हणावे लागेल! हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेल्या 'लिनक्स'मध्येही तेच. तो जुन्या 'सी' भाषेतच लिहिला गेला. परंतु त्यात प्रत्येक प्रकारच्या फाइलीबरोबर एक तक्ता असतो: वाचायचे असेल तर हे करा, लिहायचे असेल तर ते करा. तक्ता बदलला की वागणे बदलते. भाषेने ऑब्जेक्ट दिले नाहीत, तर लिहिणाऱ्यांनी ते हाताने घडवले.

काही मंडळी याहून पुढे गेली. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात विल्यम वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हायड्रा' नावाचा कारभारी रचला. त्यात प्रत्येक साधन हा एक ऑब्जेक्ट होता. इलिनॉय विद्यापीठात रॉय कॅम्पबेल यांच्या हाताखाली १९८० नंतरच्या दशकात 'चॉइसेस' झाला. तो 'सी प्लस प्लस'मध्ये, साच्यावरून साचा काढीत लिहिलेला. इंटेल कंपनीने १९८१ साली तर ऑब्जेक्ट थेट यंत्राच्या चिपेतच कोरले. ती चिप इतकी मंद निघाली, की बाजारात तिचा निभाव लागला नाही. ॲपल आणि आयबीएम यांनी मिळून १९९२ साली 'टॅलिजंट' ही कंपनी काढली ती संपूर्ण वस्तुप्रधान कारभारी घडवण्यासाठीच. तो कारभारी कधी गादीवर बसलाच नाही.

यशही आले. आयबीएमने १९७८ साली जाहीर केलेले 'सिस्टिम ३८' हे यंत्र आणि १९८८ चे त्याचे वारस 'एएस ४००' ऑब्जेक्टच्या पायावर उभे होते, आणि व्यापारी जगाने त्यांना पुष्कळ वर्षे जवळ केले. १९९३ साली आलेल्या 'विंडोज एनटी'च्या पोटात ऑब्जेक्टांचा हिशेब ठेवणारा स्वतंत्र विभाग आहे. आजचे विंडोज त्याच घराण्यातले. स्टीव्ह जॉब्ज यांच्या 'नेक्स्ट' कंपनीचा वस्तुप्रधान वारसा ॲपलने १९९६ च्या अखेरीस विकत घेण्याचे ठरवले, आणि २००१ च्या मॅकमधून तो २००७ च्या आयफोनमध्ये उतरला.

महाराष्ट्रात या शास्त्राचा अभ्यास नवखा नाही. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. डी. एम. ढमढेरे यांनी ऑपरेटिंग सिस्टिमवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ विद्यार्थ्यांना परिचित आहे. आणि 'किमयागार'सारख्या पुस्तकांनी मराठी घराघरांत पोहोचलेले अच्युत गोडबोले यांनी याच विषयावर इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

गाभाऱ्यात कोण जाणार?

इथवर सारे गोड झाले. आता खरा प्रश्न. खिडकी आणि पाटी लावली, की कोठी सुरक्षित होते काय?

याचे उत्तर द्यावयाचे तर आमच्या गोंदेश्वराच्या प्राकारात जावे लागेल. हे यादवकालीन मंदिर पंचायतन पद्धतीचे. मधोमध महादेव, चार कोपऱ्यांना सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपती. प्रत्येकाचे देऊळ वेगळे, गाभारा वेगळा. एका देवळाच्या शिखराचा दगड निखळला म्हणून दुसऱ्या देवळातला दिवा विझत नाही. मात्र ज्या उंच जोत्यावर ही पाचही उभी आहेत ते जोते समाईक. ते खचले तर पाचांचीही धडगत नाही.

कारभाऱ्याच्या पोटातही एक गाभारा असतो. त्याला कर्नेल म्हणतात. शब्दाचा अर्थही गर, गाभा असाच आहे. गाभाऱ्यात चालणाऱ्या कार्यक्रमाला यंत्रात सर्वत्र मुभा. म्हणून गाभाऱ्यात काय ठेवावे आणि काय सभामंडपात बसवावे, हा वादाचा मुद्दा. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम आणि तरुण टोरवाल्ड्स यांच्यात १९९२ साली यावरून जाहीर खडाजंगी झाली. टॅनेनबाउम म्हणत, गाभारा लहान ठेवा. बाकीची कामे वेगवेगळ्या देवळांत वाटा. टोरवाल्ड्स यांचे म्हणणे व्यवहाराचे होते: दर वेळी एका देवळातून दुसऱ्या देवळात निरोप पाठवायचा तर वेळ जातो, एकाच मोठ्या गाभाऱ्यात कामे झटपट होतात.

आता ऑब्जेक्टची पाटी कुठे बसते ते पाहा. एकाच गाभाऱ्यात शंभर ऑब्जेक्ट आहेत, आणि प्रत्येकाने आपल्या कोठीवर 'आत हात घालू नये' असे लिहिले आहे. ही पाटी लिहिणाऱ्याच्या भाषेतली असते. यंत्राला ती दिसत नाही. सभ्य माणूस ती पाळील. पण एखाद्याचा तोल गेला आणि तो पाटीवरून कोठीत कोसळला, तर पाटी त्याला अडवू शकत नाही. अडवील ती भिंत. म्हणजे संरक्षणाच्या तीन पायऱ्या झाल्या. पाटी हा शिष्टाचार. भिंत हा अडसर. आणि या दोहोंच्या मध्ये किल्ली: ज्याच्या हाती या कोठीची किल्ली दिली असेल त्यालाच ती उघडावी, एरवी नाही. किल्लीची ही कल्पना अमेरिकेतील एमआयटीच्या जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी १९६६ सालीच मांडली होती, आणि 'हायड्रा'चा सारा कारभार अशा किल्ल्यांवर चाले.

पाटी आणि भिंत यांतला फरक साऱ्या जगाला १९ जुलै २०२४ रोजी कळला. क्राउडस्ट्राइक ही संगणकांचे रक्षण करणारी अमेरिकन कंपनी. तिचा पहारेकरी विंडोजच्या थेट गाभाऱ्यात बसत असे. चोर ओळखायचे तर आत बसलेलेच बरे, असा हिशेब. त्या दिवशी कंपनीने पहारेकऱ्याकडे चोरांची वर्णने असलेली नवी फाइल धाडली. वर्णन ताडून पाहण्यासाठी एकवीस रकाने लागणार होते. पहारेकऱ्याच्या हाती होते वीस. एकविसावा रकाना वाचावयास गेलेला पहारेकरी स्वतःच्या हद्दीबाहेरच्या स्मृतीत पाय घालून पडला; आणि गाभाऱ्यात पडल्यामुळे सारे देऊळ खाली आले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून थिजले. विमाने अडली, रुग्णालयांची कामे रखडली. आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. हल्लेखोर कुणी नव्हता. एक रकाना कमी होता, इतकेच.

त्या रकान्यांची यादी खरोखर खिडकीआड असती, तर 'माझ्याकडे वीसच आहेत, एकविसावा मागू नका' असे खिडकीनेच बजावले असते. पुढे कंपनीने अशीच तपासणी बसवली. आणि पहारेकरी गाभाऱ्याबाहेर, स्वतःच्या देवळीत बसलेला असता, तर तो एकटा पडला असता. कारभाऱ्याने त्याला उठवून पुन्हा बसवले असते. ॲपलने २०१९ पासून आपल्या मॅकमध्ये अशा पहारेकऱ्यांना गाभाऱ्याबाहेर बसण्याची सोय केली होती.

मग गाभारा लहान का करीत नाहीत? कारण भिंतींची किंमत वेगात मोजावी लागते, आणि जुने मोठे वाडे पाडून बांधणे सोपे नसते. तरीही पावले पडत आहेत. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'सेल फोर' नावाचा अगदी छोटा गाभारा रचला: सुमारे ८,७०० ओळींचा आणि संपूर्ण किल्ल्यांवर चालणारा. २००९ साली त्यांनी तो बिनचूक असल्याचे गणिताने सिद्ध करून दाखवले. अर्थात त्यांनी गृहीत धरलेल्या अटींच्या मर्यादेत. साडेआठ हजार ओळींसाठी सिद्धता लागली ती सुमारे दोन लाख ओळींची! गूगलने 'फ्यूशिया' नावाचा नवा कारभारी ऑब्जेक्ट आणि किल्ल्या यांवरच बेतला, आणि २०२१ साली तो घरगुती पडद्यांच्या उपकरणांत उतरवला. लिनक्सने २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'रस्ट' या भाषेला आपल्या गाभाऱ्यात प्रवेश दिला; ही भाषा हद्दीबाहेर पाय घालण्याचे पुष्कळसे प्रसंग आधीच हेरते.

आपल्या घरची किल्ली

"हे सारे अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात चालू द्या हो," असे एखाद्या गृहिणीने म्हटले तर ते रास्तच आहे. "आमच्या घराचे काय?" म्हणून आता घरच्या गोष्टीकडे येतो.

आपल्याकडे बहुसंख्य मोबाइल अँड्रॉइडचे आहेत. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स आहे, आणि त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली आहे. आपण जे जे ॲप घेतो, त्याला तो वेगळा भाडेकरू समजतो; प्रत्येकाची खोली वेगळी, एकाला दुसऱ्याच्या खोलीत जाता येत नाही. ही भिंत झाली. पण भाडेकरूला कधी समाईक गोष्टी लागतात: तुमच्या ओळखीच्यांची यादी, कॅमेरा, आलेले संदेश. त्यांच्या किल्ल्या कारभाऱ्यापाशी असतात. पूर्वी भाडेकरू राहावयास येतानाच सगळ्या किल्ल्यांचा जुडगा मागे, आणि आपण एका बोटाने 'हो' म्हणून मोकळे होत असू. २०१५ च्या अँड्रॉइडपासून कारभारी ज्या त्या वेळी विचारू लागला: या ॲपला संदेश वाचू द्यायचे का? कॅमेरा द्यायचा का?

त्याहून बारीक सुधारणा छायाचित्रांची. समजा, एखाद्या ॲपला तुमचा एक फोटो हवा आहे. पूर्वी फोटोंच्या पेटीची किल्लीच द्यावी लागे. पेटीत लग्नाचे फोटो, आधारकार्डाची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी असे सारेच आले. आयफोनमध्ये २०२० पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२२ पासून अशी सोय झाली, की पेटी आपल्याजवळच ठेवायची आणि निवडलेला तेवढा फोटो काढून हाती द्यायचा. डेनिस आणि व्हॅन हॉर्न यांची १९६६ सालची कल्पना छप्पन्न वर्षांनी आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आली, म्हणावयाची! मागणाऱ्याला कोठी दाखवायचीच नाही. हवा तो जिन्नस खिडकीतून द्यायचा.

परंतु या सगळ्या व्यवस्थेत एक जागा अशी आहे, की तेथे नॉर्वेच्या पंडितांचे आणि गूगलच्या अभियंत्यांचे काही चालत नाही. ती जागा म्हणजे आपले बोट. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून, वीजबिल म्हणून किंवा बँकेची सूचना म्हणून एखादी फाइल येते. ती पत्रिका नसतेच. नवा भाडेकरू असतो. तो दाराशी उभा राहून म्हणतो, 'मला संदेश वाचण्याची किल्ली द्या.' आता विचार करा, लग्नपत्रिकेला आपले संदेश कशाला वाचायचे आहेत? पण घाईत आपण 'हो' म्हणतो. मग बँकेचा ओटीपी आपल्याआधी तो वाचतो, आणि पुढे काय होते ते वर्तमानपत्रांत रोज छापून येतेच. भिंत तशीच उभी असते, कारभारीही जागा असतो. किल्ली तेवढी आपण आपल्या हाताने दिलेली असते.

म्हणून मला वाटते, ऑब्जेक्टची ही कल्पना अभियांत्रिकीच्या वर्गापुरती ठेवण्यासारखी नाही. तिचे सार एका वाक्यात येते: ज्याचे जे काम, त्याला तेवढीच किल्ली. हे आपल्या घरांना नवे नाही. दूधवाला उंबऱ्याशी, कामवाली स्वयंपाकघरापर्यंत, पाहुणा दिवाणखान्यात, आणि कपाटाची किल्ली आजीच्या कमरेला. कुणाचा अपमान नव्हता त्यात, नि कुणावर संशयही नव्हता. आजी माणसांवर अविश्वास ठेवीत नसे. नाहक मोह कुणाच्या वाटेत येऊ नये, एवढे ती पाही. मोबाइलच्या बाबतीत तो विवेक आपण विसरलो, कारण किल्ल्या दिसत नाहीत आणि जुडगा खणखणत नाही.

दिवाळीच्या आधी आपण माळे झाडतो, फडताळे पुसतो, न लागणारे डबे काढून टाकतो. यंदा त्याच हाताने मोबाइलच्या 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'परवानग्या' हे पान एकदा उघडून पाहावे. कुणाकुणाच्या हाती कोणकोणत्या किल्ल्या आहेत याची यादी कारभाऱ्याने तेथे मांडून ठेवलेली असते. विजेरीच्या ॲपला ओळखीच्यांची यादी कशाला हवी? मुलांच्या खेळाला तुमचे संदेश कशाला? ज्याचे कारण सापडत नाही, ती किल्ली परत घ्यावी. कारभारी तक्रार करीत नाही. न लागणारा भाडेकरू सरळ काढून टाकावा. काम पाऊण तासाचे आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन हाती घेऊन, त्यांना शेजारी बसवून केले, तर त्यांच्या आयुष्यभराच्या पुंजीच्या कोठीला एक चांगली कडी बसेल.